टाच, घोटा, चवडा: दुखऱ्या पावलाचं निदान कसं होतं

केसपेपरवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: पाय दुखतो. सोलापुरातल्या कुठल्याही अस्थिरोग ओपीडीत, सिव्हिलला असो की रेल्वे लाइन्सकडच्या खासगी दवाखान्यात, तपासणी तिथूनच सुरू होते आणि पहिली काही मिनिटं फक्त जागा ठरवण्यात जातात. दोन्ही पायांतल्या चपला-बूट, मोजे काढायचे. पँट किंवा साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यायची. मग जिथं सगळ्यांत जास्त दुखतं तिथं एका बोटानं दाखवायचं. अख्ख्या पंजानं तळवा चोळत 'इथं सगळं' म्हणणं वेगळं आणि बोटाचं टोक नेमकं टेकवणं वेगळं. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. एवढ्या दाटीत जागा दीड-दोन सेंटिमीटर सरकली तरी आजार बदलतो.

बोट टाचेच्या तळाशी, जरा आतल्या बाजूला टेकलं तर आमचा पहिला संशय प्लांटर फॅशियावर जातो. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याची कमान ताणून धरणारा हा जाड पट्टा. टाचेच्या अगदी मधोमध दुखत असेल, वय साठीच्या पुढं असेल आणि घरभर अनवाणी फिरायची सवय असेल, तर टाचेखालची चरबीची गादी झिजलेली असू शकते. टाचेच्या मागं दुखलं तर ॲकिलिस, म्हणजे पोटरीची दोरी. ती हाडाला चिकटते तिथं दुखतं की त्याच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर, हेही बघावं लागतं, कारण दोन्हींचे व्यायाम वेगळे. चवड्याखाली, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या फटीत खडा रुतल्यासारखं वाटत असेल तर तिथल्या नसेची गाठ. अंगठ्याचं मूळ एका रात्रीत लाल होऊन सुजलं आणि चादरसुद्धा सोसवेना, तर गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणारा दाह. बोट टेकवताच येत नसेल तर तीही माहितीच आहे. मग हाडापेक्षा नस, रक्तपुरवठा, साखर किंवा कंबर यांचा विचार आधी होतो.

जागा ठरली की वेळ. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना कळ येते, दहा-वीस पावलांत ती कमी होते, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा येते आणि दिवस मावळताना ठणका लागतो: हा फॅशियाचा साचा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, चालल्यावर बरं आणि बसल्यावर वाईट वाटतं, दोन्ही टाचा दुखतात, वय चाळिशीच्या आत आहे आणि कंबरही पहाटे जखडते, तर तो सांध्यांच्या दाहाचा प्रकार असू शकतो. अशा मुलाला टाचेखालची सिलिकॉनची गादी देऊन घरी पाठवलं तर खरा आजार काही वर्षं दडून राहतो. दिवसभर काम करताना वाढत जाणारं आणि टेकलं की थांबणारं दुखणं हाडाच्या बारीक चिरीचं असू शकतं. रात्री झोपेतून उठवणारं, खाटेवरून पाय खाली सोडला की उतरणारं दुखणं रक्तपुरवठ्याचं. रात्री तळव्याची आग होते आणि पाय पांघरुणाबाहेर काढावासा वाटतो, तर नसांचं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांना हे सगळं आपल्या भाषेतच सांगू द्यावं. सोबतचा नातेवाईक मराठीत सांगताना आग, मुंग्या, सुन्नपणा, ठणका या सगळ्यांना 'दुखतंय'च्या एकाच खात्यात टाकतो आणि निम्मं निदान तिथंच हरवतं.

कामाची चौकशी इथं सविस्तर करावी लागते. यंत्रमागावर किंवा टॉवेल कारखान्यात आठ ते बारा तास उभं राहणाऱ्याला नुसतं 'उभं राहून काम आहे का' विचारून भागत नाही. खाली काँक्रीट आहे की शहाबादी फरशी, पायात काय असतं, एका जागी उभं राहतो की चार मागांमध्ये फेऱ्या घालतो, पाळी अलीकडे बदलली का, हे विचारायचं. विडी वळणाऱ्या बाईचं दुखणं वेगळं. तासन् तास मांडी घालून बसल्यानं घोट्याचं बाहेरचं हाड जमिनीवर दाबलं जातं. तिथली कातडी काळी, जाड होते आणि खाली पाण्याची पिशवी धरते. शिवाय गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेवरून एक नस जाते. मांडीत तीही दाबली जाते. मग पावलाच्या वरच्या भागाला सुन्नपणा येतो, कधी पंजा उचलायला जड जातो. दुखणं पावलात, दोष गुडघ्याशी. त्या हाडाच्या मानेवर बोटानं टिचक्या मारल्या आणि पावलापर्यंत झिणझिण्या गेल्या, की जागा सापडली.

मग अचानक वाढलेलं चालणं. आषाढीच्या वारीत आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर होतात, आणि त्यातले बरेच जण एरवी रोज दोन किलोमीटरही चालत नसतात. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांसोबत अनवाणी चालणारेही खूप. अशा वेळी दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडावर थोडी सूज आणि दाबल्यावर कळ असेल, तर आधी बारीक फ्रॅक्चर धरून चालायचं आणि मग ते नाही हे सिद्ध करायचं.

गोळ्यांची यादी पेशंट सांगत नाही, मागावी लागते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊन तळव्यांची आग होऊ शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा रोजची कमी मात्रेची ॲस्पिरिन युरिक ॲसिड वाढवते. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ॲकिलिस दुखू शकते, क्वचित तुटते. सोबत स्टिरॉइड असेल तर धोका वाढतो. तंबाखू, विडी, मिशेरी यांबद्दल बायकांनाही विचारायचं, आणि शक्यतो घरच्यांसमोर नाही. गेल्या काही महिन्यांत ताप येऊन सगळे सांधे धरले होते का, हाही प्रश्न आता नेहमीचा, कारण चिकुनगुनियानंतर घोटे आणि पावलं कित्येक महिने दुखू शकतात.

आता पेशंटला उभं करायचं. पलंगावर आडवं पडलेलं पाऊल निम्मी माहिती लपवतं. मागून बघताना टाच सरळ आहे की बाहेर झुकली आहे, आणि बाहेरच्या बाजूला किती बोटं दिसतात, हे पाहतो. एका पायाला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दिसतंय आणि दुसऱ्या पायाला तीन-चार दिसतात, तर त्या बाजूची कमान बसत चालली आहे. मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच उचलायची. निरोगी पायात टाच उचलताना ती आत वळते. ती वळत नसेल किंवा उचलताच येत नसेल, तर घोट्याच्या आतून जाणारी, कमान पेलणारी दोरी निकामी होत आहे. पन्नाशीतल्या, वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये हे दुखणं 'घोटा मुरगळला असेल' म्हणून महिनोन् महिने क्रेप बँडेजवर काढलं जातं, आणि तोवर लवचीक असलेली सपाट कमान ताठ होऊन बसते. एका पायावर टाच उचलून बघायला अर्धा मिनिट लागतो. गर्दीच्या ओपीडीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

टाचांवर चार पावलं आणि चवड्यांवर चार पावलं चालायला लावतो ते कंबरेसाठी. टाचांवर चालताना पंजा खाली पडला तर कंबरेतल्या पाचव्या (लंबर) नसेचा संशय, चवड्यावर उचलता आलं नाही तर तिच्या खालच्या पहिल्या सॅक्रल नसेचा. पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलला आणि ३० ते ७० अंशांच्या दरम्यान मांडीमागून पावलापर्यंत कळ गेली, घोट्याचा रिफ्लेक्सही मंद असला, तर तळव्याचं किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेचं दुखणं कंबरेतून येत आहे. या पेशंटच्या टाचेत इंजेक्शन देऊन काही साधत नाही.

चपला बाजूला ठेवायला सांगतो, फेकायला नाही. रोजच्या वापरातली जुनी चप्पल उलटी करून बघितली की चाल कळते. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजलेली असणं स्वाभाविक. आतली कड झिजली असेल तर पाऊल आत कोसळतंय. दवाखान्यात जायचं म्हणून ठेवणीतली नवी चप्पल घालून येणाऱ्यांकडून ही माहिती मिळत नाही.

हात लावून तपासताना दुखरी जागा शेवटी दाबायची, आधी आजूबाजूचं. टाचेच्या तळाशी आतल्या बाजूला अंगठ्यानं खोल दाबलं की फॅशियाच्या पेशंटचा पाय झटकन मागं येतो. पायाचा अंगठा वर वळवला की तो पट्टा ताणला जातो. तेव्हा टाचेत कळ आली तर निदानाला बळ मिळतं, पण आली नाही म्हणून फॅशिया नाकारता येत नाही. त्यानंतर टाचेचं हाड दोन्ही तळहातांच्या बुडाने बाजूंनी दाबायचं. खालून दाबल्यावर दुखणं आणि बाजूंनी दाबल्यावर दुखणं यांत फॅशिया आणि टाचेची चीर वेगळी पडतात. बाजूंनी दाबताना पेशंट ओरडला तर चिरीचा संशय धरून व्यायाम थांबवायचे. आठ ते चौदा वर्षांच्या, खेळणाऱ्या मुलात मात्र याच दाबण्यावर दुखलं तर ते बहुधा वाढीच्या पट्टीचं दुखणं असतं. खेळ कमी केला की जातं.

पोटरीचा ताठरपणा मोजायलाच हवा, कारण टाचदुखीत तो फार वेळा सापडतो. गुडघा सरळ ठेवून पंजा वर ढकलला तर काटकोनाच्या पुढं साधारण दहा अंश जायला हवा. सरळ गुडघ्यात काटकोनापर्यंतही येत नाही आणि गुडघा वाकवल्यावर सहज वर जातो, तर पोटरीचा वरचा मोठा स्नायू आखडलेला आहे. दोन्ही स्थितींत अडत असेल तर खालचा स्नायू किंवा घोट्याचा सांधा. चवड्याच्या फटीतली गाठ तपासताना एका हातानं पंजा दोन्ही बाजूंनी आवळायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फटीत खालून दाबायचं. टक्क लागून बोटांत करंट गेल्यासारखं झालं तर ती गाठ. बोटांच्या मुळाची रांग नुसती आवळल्यावर दोन्ही पाय दुखत असतील तर रुमॅटॉइडची तपासणी लागते. आमवाताची सुरुवात हातांऐवजी पावलांतूनही होते.

पोटरीत मागून कुणीतरी काठी मारल्यासारखं झालं आणि मग चालायला जड झालं, असं सांगणाऱ्याला पालथं झोपवायचं, पावलं पलंगाच्या कडेबाहेर ठेवायची आणि पोटरी दाबायची. पाऊल खाली हललं नाही तर ॲकिलिस तुटली आहे. बाकीच्या दोऱ्यांच्या जोरावर असा माणूस चालतो, पाऊल खालीही दाबू शकतो. म्हणूनच हे मुरगळणं म्हणून सुटतं आणि महिन्या-दीड महिन्यानं उघडकीला येतं. तोवर तुटलेली टोकं लांब गेलेली असतात.

खरोखर मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे कधी काढायचा याचे नियम १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथं तयार झाले आणि ते आजही कामाचे आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखते का. करंगळीमागच्या लांब हाडाचं मूळ दुखतं का. कमानीच्या माथ्यावरचं नॅव्हिक्युलर हाड दुखतं का. आणि पडल्या पडल्या तसंच दवाखान्यात चार पावलं टाकता येत नाहीत का. यांतलं एकही नसेल तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता फार कमी. हे नियम ताज्या दुखापतीसाठी आणि शुद्धीवरच्या मोठ्या माणसासाठी आहेत. साखरेनं पाय सुन्न झालेल्याला ते लावू नयेत, कारण त्याला दुखायलाच हवं असं नाही.

मधुमेही पावलाला तपासणीचा वेळ दुप्पट द्यावा लागतो. नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा दोरा, मोनोफिलामेंट, जो दहा ग्रॅम दाबाला वाकतो, तो आधी पेशंटच्या हाताला लावून दाखवायचा. मग त्याचे डोळे मिटवून पायाच्या अंगठ्याचं टोक आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाच्या मुळाखालचा भाग इथं वाकेपर्यंत टेकवायचा, सेकंद-दोन सेकंद. ठरलेल्या क्रमानं नाही, नाहीतर पेशंट अंदाजानं 'हो हो' म्हणत जातो. घट्टा पडलेल्या जागी टेकवायचा नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कधी थांबला ते विचारायचं. पावलाच्या वर आणि घोट्याच्या आतल्या हाडामागं, दोन ठिकाणी नाडी बघायची. लागली नाही तर हातातल्या डॉप्लरनं, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रानं, घोट्याजवळचा वरचा रक्तदाब घेऊन दंडाच्या वरच्या रक्तदाबानं भागायचा. घोट्याला ९० आणि दंडाला १४० म्हणजे ०.६४. भागाकार ०.९ च्या खाली असेल तर रक्तपुरवठा कमी. १.४ च्या वर आला तर आनंद मानायचा नाही. धमनीत चुना साठून ती दाबलीच जात नाही आणि आकडा खोटा मोठा येतो. मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो.

सगळ्यांत जास्त चुकणारं निदान इथंच आहे. साखर असलेला माणूस, एक पाऊल लाल, गरम, सुजलेलं, दुखतं पण सुजेच्या मानानं कमीच. जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक सुरू होतात, सूज उतरत नाही, बदलून दुसरी दिली जातात. हा शार्को पाय असू शकतो: नसा सुन्न झाल्यामुळे हाडं आणि सांधे आतून ढासळत असतात आणि पेशंट त्यावर चालत असतो. जखम नाही, ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, इन्फ्रारेड थर्मामीटरनं दुसऱ्या पायापेक्षा दोन अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता आहे आणि पाय दहा मिनिटं वर धरला की लाली ओसरते, तर शार्को धरूनच चालावं. सुरुवातीचा एक्स-रे चक्क नॉर्मल असतो. निदान पक्कं होईपर्यंत त्या पायावर वजन टाकू द्यायचं नाही. आठ-दहा दिवसांच्या चालण्यात कमान उलटी होऊन कायमची जखमेची जागा बनू शकते. उलट बाजूनं, जखम असेल आणि निर्जंतुक सळई आत घातल्यावर कडक हाड लागत असेल, तर हाडापर्यंत संसर्ग पोचल्याचं मानून पुढच्या तपासण्या त्याच दिवशी करायच्या.

साखर नसूनही तळव्यांची आग होत असेल तर बी-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन बघायचं आणि दारूबद्दल विचारायचं. अंगावर फिकट, सुन्न चट्टा आहे का आणि घोट्यामागची किंवा गुडघ्याशेजारची नस दोरीसारखी जाड लागते का, हे कपडे बाजूला सारून पाहायचं. कुष्ठरोग आपल्याकडे संपलेला नाही, आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नसांच्या वेगाची एनसीव्ही तपासणी नॉर्मल आली म्हणून 'मनाचं आहे' असं ठरवू नये. ती जाड नसा मोजते. आग पोचवणाऱ्या बारीक नसा तिच्या आवाक्यात येत नाहीत.

पंचेचाळिशीच्या आतला, विडी ओढणारा पुरुष, चालताना तळव्याची कमान धरते, बोटं थंड आणि निळसर पडतात, अंगठ्यावरची बारीक जखम भरत नाही: हा बर्जर, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या धमन्या बंद होत जाण्याचा आजार. पाय ४५ अंश वर धरला की पांढराफटक पडतो, खाली सोडला की लालभडक होतो. इथं वेदनाशामक लिहून देऊन पंधरा दिवसांनी बोलावणं घातक आहे. धमन्यांची डॉप्लर त्याच आठवड्यात आणि विडी त्याच दिवशी बंद.

कातडीची दुखणी भराभर उरकतात. भोवरी सरळ दाबल्यावर दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. चामखिळीवर कातडीच्या रेषा तुटतात आणि वरचा थर खरवडला की काळे ठिपके दिसतात. शेतात काटा मोडून आत राहिला असेल तर एक्स-रेत लाकूड दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. अनवाणी शेतकाम करणाऱ्याच्या पावलाला न दुखणारी कडक सूज, तिला अनेक छिद्रं आणि त्यातून रव्यासारखे कण, हे मदुरा फूट, म्हणजे मातीतल्या बुरशीचा किंवा जंतूंचा खोलवरचा संसर्ग. ते कण तपासायला पाठवावे लागतात, नुसतं ड्रेसिंग करत राहायचं नाही.

एवढं झाल्यावर एक्स-रे. बऱ्याच टाचदुखीत तो पहिल्या भेटीत लागतही नाही. लागलाच तर चिठ्ठीवर 'उभं राहून, वजन टाकून' असं ठळक लिहावं: समोरून, बाजूनं आणि तिरका. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये बसलेली कमान चांगली दिसते आणि पावलाच्या मधल्या सांध्यांतली फट, जी दुखापतीनंतर सुटली तर कायमचं पंगुत्व येतं, मिटलेली दिसते. पेशंट लंगडतो म्हणून सेंटरवाले त्याला टेबलावर झोपवतात, हे नेहमीचं. सोबत माणूस न्यावा आणि उभं राहता येतंय हे सांगावं.

आता ते प्रसिद्ध वाढलेलं हाड. बाजूच्या फिल्ममध्ये टाचेखाली चोचीसारखा काटा दिसतो आणि पेशंट घाबरतो, कारण प्रत्येक पावलाला तोच टोचतोय असं वाटतं. तो खाली रोखलेला नसतो, बोटांच्या दिशेनं आडवा असतो, आणि बहुधा फॅशियाच्या वरच्या स्नायूच्या मुळाशी असतो. न दुखणाऱ्या कितीतरी टाचांत तो सापडतो. एकीकडे दुखणाऱ्या पेशंटच्या दुसऱ्या टाचेचा एक्स-रे काढला तर तिथंही बऱ्याचदा असतो. दुखणं बरं झाल्यावरही तो तसाच राहतो. म्हणून काटा दिसला हे निदान नव्हे, आणि तो कापायचा सल्ला कुणी पहिल्याच भेटीत दिला तर दुसरं मत घ्यावं.

बारीक फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत दिसेलच असं नाही. संशय पक्का असेल तर आराम सुरू करून दोन आठवड्यांनी पुन्हा फिल्म, किंवा थांबणं परवडणार नसेल तर एमआरआय. सोबत व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम.

रक्ताच्या तपासण्यांत युरिक ॲसिडइतका गैरसमज दुसऱ्या कशाचा नाही. डेसिलिटरमागं ६.८ मिलिग्रॅमच्या वर त्याचे स्फटिक होऊ शकतात, एवढंच. आकडा जास्त असलेल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही, आणि ऐन झटक्यात आकडा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून झटक्यात नॉर्मल आला तर उतरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात. खात्रीचा पुरावा म्हणजे सांध्यातलं पाणी सुईनं काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक बघणं. ताप आहे आणि एकच सांधा लाल झाला आहे, तर ते पाणी त्याच दिवशी काढून कल्चरला पाठवावं; पू झालेला सांधा गाउट समजून वाट पाहिली तर कुर्चा काही दिवसांत जाते. ईएसआर आणि सीआरपी दाह सांगतात, जागा सांगत नाहीत. एचएलए-बी२७ ही कंबर आणि सांध्यांच्या दाहाशी जोडलेली जनुकीय खूण; ती पॉझिटिव्ह असणं म्हणजे आजार नव्हे. 'वाताचं पॅकेज' म्हणून वीस तपासण्या एकत्र करून मग निदान शोधणं उलटं आहे. एखादा आकडा कडेला जाणारच, आणि पुढचे सहा महिने त्याच्यामागं जाणार.

तपासणीला येताना काही गोष्टी पाळल्या तर सगळ्यांचंच काम हलकं होतं. पायाला लावलेला हळदीचा लेप, चुना, बाम धुऊन यावं. त्याखाली लाली दिसत नाही. जमत असेल तर त्या सकाळची वेदनाशामक गोळी टाळावी, म्हणजे दुखरी जागा दबलेली नसते. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र नेहमीप्रमाणे घ्याव्यात. जुन्या फिल्म तारखांसकट आणाव्यात. अगोदर टाचेत इंजेक्शन घेतलं असेल तर किती वेळा आणि कधी, हे सांगावं, कारण स्टिरॉइड पुन्हा पुन्हा दिल्यानं टाचेची गादी झिजते, फॅशिया तुटू शकतो आणि साखर काही दिवस चढते.

फॅशिया म्हणून पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम, पादत्राणांतला बदल आणि उभं राहण्याच्या वेळेत कपात असं सहा ते आठ आठवडे नीट करूनही काडीचा फरक नसेल, तर गोळी बदलण्याआधी निदान तपासायचं. सोनोग्राफीत फॅशियाची टाचेजवळची जाडी चार मिलिमीटरच्या पुढं आहे का, मध्ये फाटला आहे का, हे दिसतं. दोन्ही टाचा मोजून घ्यायला सांगावं. जाडी नॉर्मल असेल तर घोट्याच्या आतल्या हाडामागं टिचक्या मारून नस दाबली गेली आहे का, बाजूंनी दाबल्यावर टाच दुखते का, कंबर काय म्हणते, हे सगळं पुन्हा. एमआरआय त्यानंतर. त्याच्या चिठ्ठीवर 'पाऊल' एवढंच लिहिलं तर उपयोग कमी, कारण टाच-घोटा आणि चवडा यांचे स्कॅन वेगवेगळे घेतले जातात आणि एकाच्या चित्रात दुसऱ्याचे बारकावे मिळत नाहीत. कुठला भाग आणि कशाचा संशय, दोन्ही लिहावं. स्कॅनच्या आधी तंत्रज्ञाला दुखरी जागा दाखवून तिथं तेलाची व्हिटॅमिन कॅप्सूल टेपनं चिकटवून घेता येते; चित्रात ती ठळक उमटते आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याला नेमकं कुठं बघायचं ते कळतं.